हलाल पाटी आणि हलके जेवण : डिलाईल रोडवरील खानावळीचा हिशेब

डिलाईल रोडचे कागदोपत्री नाव ना. म. जोशी मार्ग असे असले तरी जुने रहिवासी आजही डिलाईल रोडच म्हणतात. या रस्त्यावर आणि शेजारच्या लोअर परळमध्ये दुपारी जेवायला बाहेर पडणारे गिऱ्हाईक आता पूर्वीचे राहिलेले नाही. अपोलो, सीताराम यांसारख्या गिरण्या चालू होत्या तेव्हा येथे जेवणारा माणूस साचा चालवणारा होता. आठ तास उभे राहून अंगमेहनत करणाऱ्याला तेलाची तर्री आणि भाताचा ढीग लागायचा. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यानंतर एकेक गिरणी बंद होत गेली आणि त्या जागांवर कचेऱ्या, मॉल व उंच इमारती उभ्या राहिल्या. आता जेवणारा माणूस दिवसभर खुर्चीवर बसतो. तो मेन्यूकार्ड हातात घेऊन दोन प्रश्न विचारतो : मटण हलाल आहे काय? आणि तेल किती आहे?

आपल्या समाजातील हॉटेलवाले पहिल्या प्रश्नाचे उत्तर चटकन देतात. दुसऱ्या प्रश्नाला मात्र बहुतेक ठिकाणी नुसते हसून उत्तर मिळते. वास्तविक हे दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणचे आहेत. कुरआन शरीफमध्ये, सूरह बकरहमध्ये, खाण्याच्या संदर्भात ‘हलाल’ या शब्दाला जोडूनच ‘तय्यिब’ हा शब्द आला आहे. तय्यिब म्हणजे स्वच्छ, चांगले, अंगी लागणारे. जबीहा बरोबर झाला, पण रस्सा चार वेळा तापवलेल्या तेलात केला, तर गिऱ्हाइकाला दिलेला शब्द अर्धाच पाळला गेला.

हलाल आणि ‘हलाल-फ्रेंडली’

हल्ली ‘हलाल-फ्रेंडली’ असा शब्द वापरात आहे. त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. मांस हलाल आहे, पण मालक मुसलमान असेलच असे नाही, किंवा त्याच छताखाली दारूही मिळत असेल, अशा ठिकाणाला सामान्यतः हे नाव देतात. पूर्ण हलाल भटारखान्यात दारू नसते, डुकराचे मांस नसते आणि माल कोठून आला याची पावती असते. आपण यांपैकी काय आहोत ते पाटीवर स्पष्ट लिहावे. पाटी म्हणजे गिऱ्हाइकाशी केलेला करार आहे. खोटी पाटी लावणारा अमानतीत खयानत करतोच, शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा जबाबही त्याला द्यावा लागू शकतो.

मांस विश्वासू कसायाकडून आणले म्हणजे काम संपत नाही. तयार स्टॉक क्यूब, चीज आणि जिलेटिन घातलेले गोड पदार्थ यांची वेष्टने वाचावीत. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हशीच्या मांसाला ती लागू नाही. तेव्हा ‘म्हशीचे’ असेल तर तसेच लिहावे आणि पावती फाईलला लावावी. घोटाळा झाल्यावर पावती शोधत बसू नये.

मुंबईत आणखी एक बाब आहे. कोकणी मुसलमान शाफई आहेत. त्यांच्या घरात कोळंबी आणि तिसऱ्या आवडीने खातात. उत्तर भारतातून आलेले बहुतेक बांधव हनफी आहेत. त्यांच्याकडे समुद्रातून येणाऱ्यांपैकी मासाच चालतो, कोळंबीबाबत उलेमांत मतभेद आहेत आणि खेकडा, तिसऱ्या चालत नाहीत. दोघेही एकाच टेबलावर बसणार असतील तर माशाच्या रश्श्याचे पातेले व डाव वेगळे ठेवावेत. हीच शिस्त शाकाहारी सहकाऱ्याच्याही उपयोगी पडते. कचेरीतले सहा जण एकत्र जेवायला निघतात तेव्हा कोठे जायचे हे बहुधा त्यांच्यातला सर्वांत जास्त पथ्य पाळणारा ठरवतो. त्याची सोय झाली की उरलेले पाच आपोआप येतात.

तेलाचा हिशेब

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचे आढळले. म्हणजे हलके जेवण मागणारा हा काही शौकीन माणूस नव्हे. त्याला डॉक्टरांनी सांगितलेले असते.

आता धंद्याच्या बाजूने पाहू. समजा, खानावळीत रोज ६० ताटे लागतात. प्रत्येक ताटामागे १० मिलिलिटर, म्हणजे दोन चहाचे चमचे, तेल कमी केले. रोजचे ६०० मिलिलिटर वाचले. महिन्याचे २६ दिवस धरले तर १५ लिटर ६०० मिलिलिटर होतात. म्हणजे महिन्याकाठी १५ लिटरचा एक अख्खा डबा वाचला, आणि गिऱ्हाइकाच्या ताटातून सुमारे ८० ते ९० कॅलरी कमी झाल्या.

चव न बिघडवता हे कसे करायचे? कांदा तेलात तळून बिरिस्ता करण्याऐवजी तो आख्खा निखाऱ्यावर किंवा तव्यावर भाजून वाटणात घालावा. आपल्याकडे भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाची रीत जुनीच आहे. मटणाची जादा चरबी आधीच काढून टाकावी. रस्सा शिजल्यावर पातेले थोडे स्थिर ठेवून वरचा तवंग डावाने उतरवावा. कोकणी कालवणात नारळाचा दाट रस शेवटी थोडा घालावा आणि पातळ रसावर कालवण शिजवावे. नारळातही संपृक्त चरबी भरपूर असते, म्हणून ‘आम्ही तेल घालत नाही’ एवढे सांगून भागत नाही. ताटात पांढऱ्या भाताबरोबर नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी निवडायची सोय द्यावी.

मिठाकडेही लक्ष हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. पापड, लोणचे आणि सुके मासे ताटात असले की हा आकडा एका जेवणातच गाठला जातो. म्हणून ते मागितल्यावरच वाढावे. रश्श्यात मीठ अंदाजाने न टाकता मापाने टाकावे. आचारी बदलला तरी चव बदलत नाही, हा त्याचा दुसरा फायदा.

तेल, भांडी आणि परवाने

तळणीच्या तेलाबाबत १ जुलै २०१८ पासून नियम लागू आहे. वारंवार तापवल्याने तेलात जे घटक वाढतात, त्यांचे एकूण प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाले की ते तेल वापरता येत नाही. तेल काळे पडले, फेस धरू लागला, लवकर धूर येऊ लागला, की ते बाजूला काढावे. ते गटारात ओतू नये आणि फेरीवाल्याला तर विकूच नये. वापरलेले तेल जैवइंधनासाठी गोळा करणाऱ्या नोंदणीकृत संस्थांना द्यावे व त्याची नोंद ठेवावी.

तांब्या-पितळेचे हंडे वापरत असाल तर कल्हई वेळेवर करून घ्यावी. कोकम, चिंच किंवा टोमॅटोचा आंबट रस्सा बिनकल्हईच्या भांड्यात ठेवला तर कळकतो आणि खाणाऱ्याला बाधतो. आपल्या कल्हईवाल्या बांधवांना नियमित काम मिळेल हेही त्यातून साधते.

अन्न सुरक्षेची नोंदणी किंवा परवाना कायद्याने सक्तीचा आहे. हलाल प्रमाणपत्र ही निराळी गोष्ट असून ती खासगी संस्था देतात. एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. अग्निसुरक्षेत तर कसूर नकोच. २९ डिसेंबर २०१७ रोजी येथून जवळच कमला मिल आवारातील उपाहारगृहांत लागलेल्या आगीत १४ जणांचे प्राण गेले. बाहेर जायची वाट सिलिंडर आणि पोत्यांनी अडवू नये.

भांडवल आणि भाडे

चांगले शिजवले म्हणजे धंदा चालतोच असे नाही. पाटण्याचे शेख दीन मुहम्मद यांनी १८१० साली लंडनमध्ये ‘हिंदुस्तानी कॉफी हाऊस’ उघडले. हिंदुस्थानी माणसाने इंग्लंडात काढलेले ते पहिले हिंदुस्थानी जेवणाचे हॉटेल मानले जाते. दोन वर्षांत, १८१२ साली, त्यांना दिवाळखोरी जाहीर करावी लागली. उत्पन्न जम धरण्याआधी खर्च वाढला, तर चव वाचवू शकत नाही.

उलट उदाहरण गिरणगावातलेच आहे. येथल्या खानावळवाल्या बायका घरच्या चुलीवर, महिन्याच्या बोलीवर कामगारांना जेवू घालत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशा १४ बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. ठराविक गिऱ्हाईक, ठराविक ताटे आणि कमी व्याज यांवर तो व्यवहार तगला.

डिलाईल रोडचा पूल जुलै २०१८ मध्ये बंद झाला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पूर्णपणे खुला झाला. रस्त्यावरच्या वर्दळीवर सगळी भिस्त ठेवणे किती धोक्याचे आहे, हे या पाच वर्षांनी दाखवून दिले. म्हणून नव्याने सुरू करणाऱ्याने आधी जवळच्या दोन-तीन कचेऱ्यांत महिन्याच्या बोलीवर डबे लावावेत. मेन्यू चार-पाच पदार्थांचाच ठेवावा : एक मटण, एक कोंबडी, एक मासा, एक डाळ, एक भाजी. प्रत्येकापुढे तेलाचे माप लिहावे. महिनाअखेर तेलाचे डबे मोजावेत, परत आलेल्या ताटांत काय उरते ते पाहावे आणि मगच मोठ्या गाळ्याच्या पागडीचा किंवा भाड्याचा विचार करावा.