दारातला कचरा, वेशीबाहेरचा कचरा

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात कचरा म्हणजे चौकातली कुंडी. घरातला सगळा ओला-सुका तिथे एकत्र जाई आणि पाठीवर गोणी घेतलेल्या बायका त्यातून कागद, काच, पत्रा वेचत. बहुतेक दलित समाजातल्या. कित्येक घरे १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेली. त्या कुंडीत हात घालतात म्हणून शहर नाक मुरडायचे, पोलिसांना त्या चोर वाटायच्या.

एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांनी साधी गोष्ट करून पाहिली: घरातच सुका कचरा वेगळा ठेवायचा आणि तो थेट या बायकांना द्यायचा. तेवढ्यात एका खासगी उद्योजकाने दारोदार गाडी फिरवायला सुरुवात केली. भंगारच गाडीत गेले तर खायचे काय? या बायका रस्त्यावर उतरल्या. कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे दोन-तीन वर्षांत पालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. आज ते कार्ड किरकोळ वाटेल. पण पोलिसाने हटकल्यावर दाखवायला काहीतरी असणे, हीच तेव्हा मोठी कमाई होती.

२००० च्या केंद्रीय नियमांनी दारोदार संकलन आणि वर्गीकरण पालिकांवर बंधनकारक केले. म्हणजे या बायका जे करत होत्या, तेच आता कायद्याला हवे होते. त्यातून ‘स्वच्छ’ ही वेचकांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये पालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. ढकलगाडी, बादल्या, घरोघरून महिन्याचे शुल्क आणि भंगाराची विक्री. ठेकेदार मध्ये नाही. माझ्या मते पुण्याने कचऱ्यात केलेली खरी नवी गोष्ट हीच. बाकी यंत्रे सगळीकडेच येतात, गंजतात.

वेचून उरलेला कचरा कुठे गेला? शहराच्या वेशीबाहेर, उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांतल्या डेपोत. तिथल्या विहिरी नासल्या, डेपो पुन्हा पुन्हा पेटला, गावकऱ्यांनी वेळोवेळी गाड्या अडवल्या. गाड्या अडल्या की मगच पुणेकरांना ‘कचराकोंडी’ दिसे. २०१७ मध्ये ही गावे पालिकेत घेतली, पुढे काढून २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद केली. शहराचा कचरा शहरातच जिरवायचा, हे मात्र अर्धवटच राहिले.

वेचकांच्या लढाईतला २०१३ चा प्रसंग मला विशेष आवडतो. वापरलेले सॅनिटरी पॅड हाताने वेगळे करावे लागत, म्हणून ‘स्वच्छ’ने ते गोळा करून थेट उत्पादक कंपन्यांकडेच पाठवले. आत काय आहे ते वेचकांना कळावे म्हणून पॅड कागदात गुंडाळून लाल ठिपका काढण्याची सवय पुढे काही घरांना लागली, सगळ्यांना नाही.

करार संपला की दर वेळी ठेकेदाराच्या गाड्यांची चर्चा सुरू होते. मधली वर्षे तर तात्पुरत्या मुदतवाढींवर निघाली. शिवाय गोणीतला मालही बदललाय: रद्दी लोक स्वतःच विकतात, आणि वेफर्सच्या चकचकीत पुड्यांना भंगारवाला हात लावत नाही. त्या वेचायच्या असतील, तर मजुरी भंगाराच्या भावातून निघणार नाही. ती पालिकेने नाहीतर पुड्या बनवणाऱ्यांनी द्यायला हवी, आणि पुढच्या करारात भांडण व्हायचे ते यावर.