चौथऱ्यावर ठरलेली मोहीम

रोमच्या फोरममध्ये भाषणांसाठी एक उंच चौथरा होता. इ.स.पू. ३३८ मध्ये अँटियमचा पाडाव केल्यावर रोमनांनी तिथल्या जहाजांच्या चोची आणून त्यावर ठोकल्या. चोचीला लॅटिनमध्ये 'रोस्ट्रम', म्हणून चौथऱ्याचं नाव पडलं रोस्ट्रा. पुढची लढाई कोणी लढायची, हेही पुष्कळदा इथल्या भाषणांवरच ठरायचं.

इ.स.पू. ६६ मध्ये चाळिशीचा सिसेरो इथून पहिल्यांदा लोकांसमोर बोलायला उभा राहिला. पाँटसचा राजा मिथ्रिडेटीस याच्याशी लढणाऱ्या रोमन सेनापती ल्युकुलसचे सैनिक कंटाळून बिथरले होते. पूर्वेची सगळी मोहीम सेनापती पॉम्पीकडे द्यावी, असा ठराव मॅनिलियस या ट्रिब्यूनने (लोकप्रतिनिधीने) आणला होता.

सिसेरोने शौर्याच्या गोष्टी सांगितल्याच, पण घाव घातला तो लोकांच्या पोटावर आणि पैशावर. आदल्याच वर्षी चाच्यांच्या बंदोबस्तासाठी पॉम्पीची नेमणूक झाली, त्याच दिवशी धान्याचे भाव उतरले, याची त्याने आठवण दिली. आशिया प्रांताचा महसूल बुडाला की, तुम्ही उभे आहात त्या फोरममधली पत बुडते, हे बजावलं.

खरी झुंज कातुलसशी होती. एकाच माणसाच्या हाती एवढी सत्ता नको, पूर्वजांचा रिवाज मोडू नका, असं या ज्येष्ठ नेत्याचं म्हणणं. सिसेरोने रिवाज मोडल्याचे दाखलेच मोजून दाखवले: कोणतंही पद नसताना पॉम्पीने फौज उभारली, सिनेटचा सदस्य नसताना विजययात्रा काढली; आणि या सगळ्याला कातुलससारख्यांचीच संमती होती! बिनतोड युक्तिवाद. तरी मला कातुलसची भीतीच खरी वाटते. एकदा दिलेली सूट पुढच्या सुटीचा आधार कशी होते, हे सिसेरोच्या या यादीतच दिसतं.

ठराव मंजूर झाला. त्याला पाठिंबा देणाऱ्यांत सीझरही होता.

पुढे सिसेरोवर स्वतःच सैन्य हाकायची वेळ आली. किलिकिया प्रांताचा सुभेदार असताना त्याने पिंडेनिसम हे डोंगरी ठाणं ५७ दिवसांच्या वेढ्यानंतर घेतलं. सैनिकांनी 'इंपेरातोर', म्हणजे विजयी सेनापती, म्हणून त्याचा जयघोष केला होता. आता त्याला विजययात्रा हवी होती. पण सेनापती शहराची पवित्र हद्द ओलांडून आत आला की त्याचा लष्करी अधिकार संपायचा, आणि त्याबरोबर विजययात्रेचा हक्कही. म्हणून इ.स.पू. ४९ च्या जानेवारीत, आता वैरी झालेले पॉम्पी आणि सीझर एकमेकांवर फौजा घालत असताना, रोमचा सर्वांत मोठा वक्ता वेशीबाहेर थांबून होता, आणि रोस्ट्रा आत होता.