शनवार तेली

आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर बेने इस्रायल लोक पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत. शुक्रवारीं सूर्य मावळला कीं घाणा थांबे, तो शनिवारीं रात्रीं तारे दिसेपर्यंत. म्हणून शेजारीपाजारी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. भाषा, पेहराव, आडनांवें मराठी झालीं, हिब्रू ग्रंथ हातचे गेले. परंतु हा नेम व ‘शमा’ची प्रार्थना सुटली नाहीं. याच खुणांवरून ते यहुदी असल्याची ओळख पटली.

मुंबईंत सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनीं १७९६ सालीं मांडवींत सिनेगॉग बांधलें. पुढें स्वधर्मप्रसारार्थ आलेल्या परदेशी मिशनऱ्यांनीं त्यांच्या मुलांसाठीं शाळा काढल्या. डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं मराठींतून हिब्रू व्याकरण छापलें. त्या विद्येचा उपयोग या समाजानें आपलाच धर्म जाणून घेण्याकडे केला.

परळ-लालबागच्या गिरणीकामगारांस रविवारची सुटी १८९० सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीनें मिळाली. तेल्यांनीं मात्र आपली सुटी एका दिवसाच्या कमाईवर पाणी सोडून पाळली. आपल्या घरीं आठवड्याचा एक दिवस धंद्यापासून राखून ठेवण्याइतका आपणांस प्रिय आहे काय?