घड्याळ सुरू होतं कुठून?

हिंगोली जिल्ह्यात ८ मार्च २०२५ पासून ‘संजीवनी अभियान’ सुरू झालं. महिलांकडून लक्षणांची प्रश्नावली भरून घेण्यात आली. जुलैत आरोग्यमंत्री प्रकाश आबिटकर यांनी विधान परिषदेत आकडे मांडले: २,९२,९९६ महिलांपैकी १४,५४२ जणींमध्ये कर्करोगासारखी लक्षणं. ऐकून कुणाच्याही छातीत धस्स व्हावं. पण पुढच्या तपासण्यांत तोवर निदान झालेल्या किती? बारा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तीन, स्तनाच्या कर्करोगाची एक आणि तोंडाच्या कर्करोगाच्या आठ.

लक्षण आणि आजार यांत एवढं अंतर असतंच. आतड्याच्या कर्करोगाबाबत इंग्लंडने हेच अनुभवलं. तिथे २००० सालापासून दंडक होता: फॅमिली डॉक्टरने संशयित म्हणून तातडीची चिठ्ठी दिली की दोन आठवड्यांत तज्ज्ञाने रुग्णाला पाहायचं. चिठ्ठ्या वाढत गेल्या, पण अशा शंभर रुग्णांत कर्करोग निघायचा तीन-चार जणांना. उरलेल्यांच्याही पोटात दुर्बीण घालून बघावं लागेच.

हंगामात हळदीच्या गाड्या मार्केट यार्डाबाहेर रांगा लावतात, तेव्हा काय होतं आठवा. दहा गाड्या ‘अर्जंट’ म्हणून पुढे घेतल्या तर त्यांचं माप लवकर होतं. काटे मात्र तेवढेच, त्यामुळे मागच्यांचा मुक्काम वाढतो. आतड्याच्या रांगेत मागे राहतात ते नियमात न बसणारे: नुसता अशक्तपणा असलेले, किंवा वय कमी म्हणून ज्यांच्यावर संशयच येत नाही असे. त्यांच्यातही कर्करोग असतो, आणि तो मुदतीच्या हिशेबात दिसत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडने दोन आठवड्यांचा दंडक मोडीत काढला. आता २८ दिवसांत ‘आहे’ किंवा ‘नाही’ हे रुग्णाला सांगायचं, असं उद्दिष्ट आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती रांगेआधी लावलेली चाळणी. घरीच शौचाचा किंचित नमुना डबीत घ्यायचा; प्रयोगशाळेत प्रतिपिंडं त्यातलं मानवी हिमोग्लोबिन हुडकतात. मटण खाल्लं म्हणून ही चाचणी फसत नाही. एका ग्रॅममध्ये १० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी सापडलं, तर कर्करोगाची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. दुर्बीण मग ज्याला खरी गरज आहे त्याच्यासाठी मोकळी राहते. आपल्याकडे आव आणि मूळव्याध घरोघरी, तेव्हा ही चाळणी इथे कर्करोग नसलेलीही जास्त माणसं दुर्बिणीकडे धाडील, हे खरं.

आणि घड्याळ? इंग्लंडमध्ये ते चिठ्ठीपासून चालू होतं. आपल्याकडे रहिवासी दाखल्यालाही लोकसेवा हक्क कायद्याने मुदत घातली आहे, आतड्याच्या निदानाला नाही. घातली तरी ती मोजायची कुठून? मुंबईच्या टाटा मेमोरियलने ८०० रुग्णांचा लेखाजोखा २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. सरासरी वय ४७, निम्म्याहून जास्त जणांना शौचातून रक्त, आणि निम्मे रुग्ण चार महिने किंवा त्याहून अधिक काळ लक्षणं अंगावर काढून आलेले. हे महिने कुठल्याच मुदतीत मोजले जात नाहीत.

ते जातात कुठे, हे एस.टी. स्टँडबाहेरच्या भिंती सांगतात. ‘मूळव्याध, भगंदर, फिशर – विना ऑपरेशन’. रक्त दिसलं की आपण स्वतःच निदान करून मोकळे होतो. सांगायची लाज, त्यात सोयाबीनची काढणी. एक पुडी, एक मलम, दोन महिने. पुढे नांदेड, नाहीतर हिंगोलीहून सव्वादोनशे किलोमीटरवरचं छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय. महात्मा फुले योजनेतून उपचार होतात खरे, पण बायोप्सीचा रिपोर्ट हाती येईपर्यंतच्या खेपा आणि मजुरी घरच्यांच्याच खिशातून जातात.

हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. काटे हळूहळू वाढतील. तोवर एक तपासणी अशी आहे जिला रांगच नाही. टाटाच्या त्या रुग्णांपैकी ४२ टक्क्यांची गाठ गुदाशयात होती, आणि तिथल्या बऱ्याच गाठी बोटाला लागतात. हातमोजा, थोडी जेली, एक मिनिट. डॉक्टरांनी ते स्वतःहून केलं नाही तर रुग्णाने विचारावं. आणि मूळव्याध सापडली म्हणून वरचं बघायचं थांबवू नये. एकाच माणसाला दोन्ही असू शकतात.