श्वासाचे माप कोणते?

पांढुर्ण्याच्या वा सौंसरच्या जिनात कापसाची धूळ गिळणाऱ्या मजुराची फुप्फुसे निकोप आहेत, हे ठरवावयाचे कशावरून? उंचीबरोबर श्वासाचे माप वाढते, हे हचिन्सन यांनी १८४६ मध्येच दाखविले. आता वय व लिंगही पाहून अपेक्षित माप काढतात. समजा, या मजुराने ३ लिटर हवा फुंकली. युरोपीय माप ४ लिटर. म्हणजे ७५ टक्के, ८० च्या खाली, रोगाचा संशय. भारतीय म्हणून त्या मापातून दहा टक्के वजा केले, की ८३ टक्के, धडधाकट! श्वास मात्र तोच. बालपणीच्या कुपोषणाने वा चुलीच्या धुराने खुंटलेली छातीही अशा वजावटीत जन्मजात ठरते. २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने वंशनिरपेक्ष समीकरणाची शिफारस केली. तथापि कामावर रुजू होतानाच श्वास मोजून ठेवला, तर पुढील घट कळावयास परक्या मापावर विसंबावे लागत नाही.