दोघांचे जेवण आणि पायांत घुटमळणारा तिसरा

१४ फेब्रुवारीच्या संध्याकाळी घरी खास जेवण करायचे ठरले की जे पदार्थ हौसेने आणले जातात, त्यांतले बरेच कुत्र्या-मांजरांच्या शरीराला सोसत नाहीत. चॉकलेटचा केक, द्राक्षे, मनुका पेरलेला पुलाव, कांदा-लसणाचे वाटण, वाइन, फुलदाणीतल्या लिली आणि टेबलावरच्या मेणबत्त्या असे सगळे एकाच वेळी एका लहानशा फ्लॅटमध्ये एरवी क्वचितच जमते. त्यात स्वयंपाक करणाऱ्याचे निम्मे लक्ष घड्याळाकडे आणि निम्मे कढईकडे असते. म्हणून ‘लक्ष ठेवले की झाले’ यावर विसंबून राहता येत नाही. घरातले जनावर सुखरूप राहते ते शेगडी पेटवण्याआधी केलेल्या आखणीमुळे.

जनावर ओट्याशी का येते

माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी ५०-६० लाखांच्या आसपास मानल्या जातात. कुत्र्याच्या नाकात त्या वीस-तीस कोटींच्या घरात असतात. फोडणीचा वास माणसाला एकच वाटतो, पण कुत्र्याला त्यात तूप, मांस, मसाला असे सगळे वेगवेगळे कळते. त्यामुळे ते ओट्याशी येऊन बसते यात हट्टीपणा नाही, ते त्याच्या नाकाचे काम आहे.

मांजराचे कारण वेगळे आहे. मांजराला गोड चव कळतच नाही. गोडाची जाणीव करून देणारे एक जनुक मार्जारकुळात निकामी झाले आहे, हे २००५ साली संशोधकांनी दाखवले. म्हणून मांजर चॉकलेटच्या वाटेला सहसा जात नाही. मात्र मासे, चिकन, लोणी, साय यांच्या वासाने ते लगेच ओट्यावर चढते. शिवाय मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत चपळ असते, आणि खास जेवणाचा स्वयंपाकही नेमका तिन्हीसांजेलाच रंगात येतो.

विषारी ठरणारे पदार्थ

चॉकलेटमधला थिओब्रोमिन हा घटक माणसाच्या शरीरातून तुलनेने लवकर निघून जातो. कुत्र्याच्या शरीरात मात्र तो निम्म्यावर यायलाच सुमारे १७ तास लागतात. वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आसपास ओकारी, जुलाब आणि अस्वस्थता दिसू लागते. ४० ते ५० मिलिग्रॅमला हृदयाचे ठोके बिघडतात आणि ६० मिलिग्रॅमच्या पुढे झटके येऊ शकतात. १० किलो वजनाच्या कुत्र्याला त्रास सुरू व्हायला साधारण ९० ग्रॅम मिल्क चॉकलेट लागते. डार्क चॉकलेट ३५ ग्रॅमच पुरते आणि कोको पावडर तर जेमतेम ७ ग्रॅम. म्हणून केकच्या तुकड्याइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, ओट्यावर उघडा राहिलेला कोकोचा डबा धोक्याचा असतो. लक्षणे बहुधा ६ ते १२ तासांनी दिसतात, म्हणजे जेवण आटोपून घर झोपल्यावर.

फेब्रुवारीत नाशिक-सांगलीच्या द्राक्षांचा हंगाम भरात असतो आणि फळांची थाळी सजवताना ती हमखास येतात. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. एखाद्या कुत्र्याला थोडीच द्राक्षे बाधतात, तर दुसऱ्याला बरीच खाऊनही काही होत नाही, त्यामुळे सुरक्षित असे प्रमाण सांगता येत नाही. २०२१ साली अमेरिकेतल्या पशुविषतज्ज्ञांनी या विषबाधेमागे टार्टारिक आम्ल असावे असे मांडले. मराठी स्वयंपाकघरासाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण हेच आम्ल चिंचेत भरपूर असते आणि चिंच खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडे बिघडल्याच्या नोंदीही झाल्या आहेत. चिंचेचा कोळ काढून उरलेला चोथा आणि आमटीचे खरकटे झाकणाच्या डब्यातच टाकायला हवे.

कांदा आणि लसूण यांतली गंधकयुक्त द्रव्ये तांबड्या रक्तपेशी फोडतात. ती शिजवून, तळून किंवा वाळवून निष्प्रभ होत नाहीत. कुत्र्याला दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा बाधतो. मांजराला ५ ग्रॅमच पुरतो. ४ किलोच्या मांजराचा हिशेब केला तर २० ग्रॅम, म्हणजे लहान कांद्याचा एखादा भाग. लसूण कांद्याहूनही तीव्र असतो. बाधा लगेच कळत नाही. दोन-चार दिवसांनी जनावर मलूल होते, हिरड्या पांढुरक्या पडतात आणि लघवी गडद होते. कांदा-खोबऱ्याच्या वाटणातला रस्सा पोळीला लावून घालण्याची सवय यासाठीच सोडावी.

शुगर-फ्री च्युइंगम आणि काही साखरविरहित पदार्थांत झायलिटॉल असते. कुत्र्याच्या शरीरात त्याने इन्सुलिन एकदम उसळते आणि अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर धोकादायक पातळीवर उतरू शकते. १० किलोच्या कुत्र्याला एवढे व्हायला १ ग्रॅम पुरतो. मधुमेह किंवा पथ्यामुळे साखर टाळून गोड केले जात असेल, तर डब्यावरची घटकांची यादी आधी वाचावी.

नानसाठी किंवा पिझ्झासाठी यीस्ट घालून फुगत ठेवलेली कणीक कुत्र्याने खाल्ली, तर ती पोटाच्या उबेत आणखी फुगते आणि आंबताना तिच्यातून अल्कोहोल तयार होते. वाइनचा ग्लास जमिनीवर किंवा खुर्चीच्या हातावर ठेवू नये हेही याच कारणाने. लोणी, तूप आणि चिकनची कातडी विषारी नसतात, पण एकदम भरपूर चरबी पोटात गेली की कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

हाडांबाबत घराघरांत एक जुनी समजूत आहे. मटणाची नळी किंवा कोंबडीची तंगडी कुत्र्यासाठी मुद्दाम राखून ठेवली जाते. शिजलेले हाड ठिसूळ होते, त्याच्या टोकदार कपच्या निघतात आणि त्या घशात किंवा आतड्यात रुततात. माशाच्या काट्यांचेही तसेच. ताटातली हाडे आणि काटे घराबाहेरच्या कचऱ्यात गेले पाहिजेत.

फुले, मेणबत्त्या आणि धूर

गुलाब विषारी नाही. मावळातल्या पॉलिहाऊसमधून व्हॅलेंटाईनच्या दिवसांत देशोदेशी जाणारा हाच गुलाब घरात आणायला हरकत नाही; काटे छाटावेत आणि फवारणीची शक्यता धरून पाकळ्या जनावराला चघळू देऊ नयेत. खरा धोका लिलीचा आहे. खऱ्या लिलीच्या आणि डे-लिलीच्या जातींचा प्रत्येक भाग मांजराच्या मूत्रपिंडाला घातक असतो. अंगावर पडलेले पराग चाटले किंवा फुलदाणीतले पाणी प्यायले तरी पुरते. आधी ओकारी आणि सुस्ती येते, एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे थांबतात. उपचार १८ तासांच्या आत सुरू झाले तर वाचण्याची आशा बरीच असते. मांजर असलेल्या घरात लिलीचा गुच्छ आणूच नये, आणि पाहुण्याने आणला तर तो दाराबाहेरच राहावा.

मेणबत्ती मांजराच्या शेपटीच्या टप्प्यात असते. काचेच्या उंच नळीत ठेवलेली किंवा सेलवर चालणारी मेणबत्ती तेवढाच उजेड देते. सुगंधी तेलांचा दिवा टाळावा, कारण त्या तेलांतली अनेक द्रव्ये निकामी करण्याची यकृताची क्षमता मांजरात फार कमी असते.

घरात लव्हबर्ड किंवा बजरीगर असतील तर नॉनस्टिक तव्याकडे लक्ष द्यावे. रिकामा तवा मोठ्या आचेवर राहून २८० अंश सेल्सिअसच्या वर गेला की त्याच्या लेपातून वायू सुटतात. पक्ष्यांची फुप्फुसे हवा अतिशय कार्यक्षमतेने शोषतात, त्यामुळे माणसाला जाणवणारही नाही एवढ्या वायूने पक्षी दगावतो, आणि उपचाराला वेळही मिळत नाही. पिंजरा दूरच्या खोलीत, उघड्या खिडकीजवळ न्यावा आणि मासे लोखंडी तव्यावर तळावेत.

मेनू कसा ठरवावा

धोके माहीत झाले की मेनू ठरवणे सोपे जाते. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या घरांत त्यांच्याशिवायचे चविष्ट जेवण वर्षानुवर्षे होत आले आहे. लाल भोपळ्याचे सूप, हिंग-जिऱ्याच्या फोडणीची फरसबी किंवा गाजराची भाजी, हळद-तिखट-मीठ आणि लिंबू चोळून रव्यात घोळवून तळलेले पापलेट, साधा वाफाळता भात आणि शेवटी केशर-वेलचीची बासुंदी एवढ्यात दोघांचे जेवण साजरे होते. यात कांदा, लसूण, चिंच, मनुका आणि चॉकलेट यांपैकी काहीच नाही. हे ताट जनावरासाठी नाही, कारण मीठ, तिखट आणि साखर त्यात आहेच. पण चुकून एखादा घास खाली पडला तर जीव टांगणीला लागत नाही. चॉकलेट हवेच असेल तर ते तयार, बंद खोक्यात आणावे आणि बंद कपाटात ठेवावे. पावडर आणि वितळलेले चॉकलेट ओट्यावर पसरण्याचा प्रश्नच उरत नाही.

जनावराचा वाटाही याच स्वयंपाकातून निघतो. मसाला लावण्याआधी चिकनचा एक तुकडा किंवा काटे काढलेला माशाचा तुकडा बाजूला घेऊन नुसत्या पाण्यात उकडावा. कुत्र्याला त्याबरोबर उकडलेला भोपळा, गाजर आणि थोडा भात चालतो. मांजराला मांस किंवा मासा पुरतो. दूध मात्र बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही. असा खाऊ दिवसभरातल्या एकूण आहाराच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नसावा.

स्वयंपाकाची वेळ

मिक्सरचा आवाज आणि कुकरची शिट्टी कुत्र्या-मांजरांना माणसापेक्षा फार तीव्र ऐकू येते. वाटणे, दळणे आणि कुकर लावणे दुपारीच उरकले तर संध्याकाळ शांत जाते. स्वयंपाकाला लागण्यापूर्वी कुत्र्याला लांब फिरवून आणावे आणि त्याचे जेवण वेळेआधी द्यावे. दमलेले, पोट भरलेले कुत्रे आपोआप आडवे होते. मांजराबरोबर दोरीने दहा-पंधरा मिनिटे खेळून मग त्याला जेवू घालावे; खेळ, खाणे, अंग चाटणे आणि झोप हा त्याचा स्वाभाविक क्रम आहे.

मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये ओटा आणि समोरची भिंत यांत दोन माणसे जेमतेम मावतात. तिथे पायाशी कुत्रे असेल तर उकळत्या तेलाची कढई उतरवताना अडखळून दोघेही भाजू शकतात. स्वयंपाकघराच्या दाराला लहान मुलांसाठी मिळते तसे आडवे फाटक लावणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. फाटक नसेल तर ओट्यापासून सहा-सात फुटांवर, माणूस दिसेल अशा जागी एक सतरंजी घालावी. कुत्रे तिथे बसले की दर थोड्या वेळाने त्याच्या आहारातलाच एक दाणा तिथेच ठेवावा. हा सराव काही आठवडे आधी सुरू करावा लागतो. ओट्याशी येऊन मागितल्यावर मात्र काहीही देऊ नये, एकदाही नाही. कधी मिळते, कधी मिळत नाही असे झाले की सवय सुटण्याऐवजी घट्ट होते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या वर्तनविषयक प्रयोगांनी दाखवून दिले आहे.

मांजराला खाली बसवून ठेवता येत नाही. त्याला उंची हवी असते. फ्रीजवर किंवा फळीवर त्याच्या नेहमीच्या चादरीची जागा करून दिली तर ओट्यावर चढण्याची गरज कमी होते. शेगडी विझवल्यावरही जाळी आणि इंडक्शनची काच बराच वेळ तापलेली राहते, म्हणून त्यावर पाण्याचे पातेले ठेवावे. कढईचे दांडे भिंतीकडे वळवावेत. चिकन बांधायचा दोरा आणि भेटवस्तूची रिबन वापरताच डब्यात टाकावी. मांजराने दोरा गिळला तर तो आतड्याला चुण्या पाडून कापत जाऊ शकतो आणि अनेकदा शस्त्रक्रियाच करावी लागते. दोऱ्याचे टोक तोंडातून किंवा मागून दिसले तरी ते ओढू नये.

पाहुणा आणि जेवणानंतर

जेवायला येणारी व्यक्ती जनावराला नवी असेल तर तिने सरळ जवळ जाऊन हात लावू नये. बाजूला बसावे, जनावराला स्वतःहून येऊन हुंगू द्यावे. मांजर पलंगाखाली गेले तर त्याला बाहेर ओढू नये. ताटातले काहीही न देण्याचा नियम पाहुण्याला दारातच सांगावा, कारण प्रेमाने दिलेला एक घासच अनेकदा बाधतो.

जेवण झाल्यावर खरकटी ताटे सिंकमध्ये रात्रभर ठेवू नयेत. घर झोपल्यावर कुत्र्याला तिथे पोहोचायला वेळच वेळ असतो. तेल पुसलेला कागद, फॉइल आणि काटे यांची पिशवी त्याच रात्री दाराबाहेर जावी.

काही पोटात गेलेच तर

जनावराने काय खाल्ले, किती खाल्ले, किती वाजता आणि त्याचे वजन किती, या चार गोष्टी लिहून ताबडतोब पशुवैद्याला फोन करावा. वेष्टन जपून ठेवावे. लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये, कारण चॉकलेट, द्राक्षे आणि लिली यांत पहिले काही तासच सर्वांत मोलाचे असतात. ओकारीसाठी मिठाचे पाणी पाजू नये; त्याने रक्तातले सोडियम वाढून जीव जाऊ शकतो. ओकारी काढायची की नाही, हे पशुवैद्यच ठरवतो. माणसाची औषधे देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारू शकते.

रात्री उघडे असणारे दवाखाने आधीच शोधून त्यांचे क्रमांक फ्रीजवर लावावेत. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, जे जुन्या मुंबईकरांना बैलघोडा हॉस्पिटल म्हणून ठाऊक आहे, आणि महालक्ष्मीचे टाटा ट्रस्ट्सचे प्राण्यांचे रुग्णालय ही मोठी ठिकाणे आहेत. इतर शहरांत नेहमीच्या पशुवैद्याला आधी विचारून ठेवावे की त्या रात्री तो उपलब्ध आहे का, आणि नसल्यास कुठे जावे.