तुरुंगातली सुई: गैरसमज आणि वस्तुस्थिती

तुरुंगात टाकलं की नशा आपोआप सुटते, असं आपण धरूनच चालतो. ती सुटत नाही. कितीही झडत्या घेतल्या तरी अमली पदार्थ आत पोहोचतात. पोहोचत नाही ती स्वच्छ सुई. मग एकच सिरिंज हातोहात फिरते, बोथट झाली की घासून पुन्हा वापरली जाते. स्कॉटलंडच्या ग्लेनॉकिल तुरुंगात १९९३ साली अशाच सुयांतून एचआयव्ही पसरला.

‘म्हणून काय सरकारने कैद्यांना सुया वाटायच्या?’ स्वित्झर्लंडमध्ये नेमकं तेच झालं. ओबरशोनग्र्यून तुरुंगाचे डॉक्टर फ्रान्झ प्रोब्स्ट यांनी १९९२ मध्ये कुणाची परवानगी न काढता कैद्यांना निर्जंतुक सिरिंज द्यायला सुरुवात केली. तुरुंगप्रमुखांच्या कानावर गेलं, तेव्हा त्यांनी डॉक्टरांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि ते त्यांच्या पाठीशी उभे राहिले. हे धाडस दोघांचंही होतं. १९९४ मध्ये हिंडेलबांकच्या महिला तुरुंगात तर यंत्रंच बसवली गेली: वापरलेली सिरिंज टाकायची, नवी घ्यायची. पाहणीत नशेचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही, एकमेकींची सुई वापरणं जवळपास थांबलं आणि एचआयव्हीची नवी लागण आढळली नाही.

पहारेकऱ्यांची शंका मला सगळ्यात रास्त वाटते: ‘उद्या तीच सुई आमच्यावर उगारली तर?’ पण त्यांना आज टोचते ती गादीत किंवा कपड्यांत लपवलेली सुई, झडती घेताना. सिरिंज बाळगायची मुभा दिली की ती ठरलेल्या जागी, डबीतच ठेवण्याची सक्तीही करता येते. स्वित्झर्लंड, जर्मनी आणि स्पेनमधल्या अशा उपक्रमांच्या अभ्यासांत वाटलेल्या सिरिंजने हल्ला झाल्याची नोंद नाही.

दुसरा उपाय म्हणजे हेरॉइनऐवजी दिली जाणारी मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं. त्यांना ‘सरकारी नशा’ म्हणून हिणवलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधं २००५ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. आपल्याकडे तिहारमध्ये २००८ साली ब्युप्रेनॉर्फिन द्यायला सुरुवात झाली. गोळी जिभेखाली ठेवून विरघळू द्यायची. तलफ आणि अंग मोडून येणं आटोक्यात राहतं, सुईची गरज कमी होते.

सगळ्यात जीवघेणा समज घरच्यांचा असतो: ‘सुटून आला, म्हणजे बरा झाला.’ आत नशा बंद किंवा कमी झालेली असते, त्यामुळे शरीराची सवय मोडते. बाहेर आल्यावर पूर्वीचाच हेरॉइनचा डोस घेतला तर श्वास बंद पडू शकतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मरण्याचा त्यांचा धोका सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत १२९ पट निघाला. स्कॉटलंड २०११ पासून जोखमीच्या कैद्यांना सुटकेच्या वेळी नॅलॉक्सोनचा संच देतं. हे औषध अफूवर्गीय नशेचा परिणाम काही मिनिटांत उलटवतं. सुटून आलेला माणूस हाकेला ओ देत नसेल, श्वास मंद आणि ओठ निळे दिसत असतील, तर ‘झोपू द्या त्याला’ म्हणू नका. लगेच १०८ ला फोन करा आणि काय घेतलं असेल ते लपवू नका.